पंख्याशेजारची आत्या

भाचीच्या गेमिंग कॉम्प्युटरला ताप चढायचा. ऐन खेळात आकडा पंच्याण्णवला टेकला की पठ्ठ्या सरळ मान टाकायचा. आज दुपारी तिच्या टीमचा अंतिम सामना होता. पाच जणी पाच घरांतून खेळणार, आणि एकीचा जरी कॉम्प्युटर बंद पडला तरी वर्षभराची मेहनत पाण्यात. घरात मोकळी अशी एकटी आत्याच. तिला शेजारी खुर्ची मिळाली आणि समोर एक छोटा पडदा: त्यावर तापमान आणि तीन पंख्यांचे वेग.

"ऐंशीच्या वर गेलं की मला हलव. हेडफोन लावल्यावर तुझ्या हाका ऐकू यायच्या नाहीत."

"अगं, तीस वर्षं मी दुसरं केलं काय?"

खोटं नव्हतं ते. आत्याने उभा जन्म कोंबडीची अंडी उबवण्याच्या केंद्रात काढला होता. तिथेही पंखे आणि आकडेच. फक्त तिथे साडेसदतीस म्हणजे जीव आणि चाळीस म्हणजे मरण. इथे तर सुरुवातच पंचावन्नला झाली.

"भाजून निघतील गं," ती पुटपुटली. कोण, ते काही बोलली नाही.

सामना रंगला. पंखे एका लयीत घुमू लागले, कॉम्प्युटरच्या पेटीतून येणारा ऊबदार वारा आत्याच्या गुडघ्यांवर पसरला आणि खिडकीच्या पडद्याआडचं ऊन हळूहळू पिवळं झालं. केंद्राच्या त्या लांब खोलीत आपण कधी पोचलो, तिचं तिलाच कळलं नाही. दोन्हीकडे हजारो अंडी, आतून उजळलेली, आणि प्रत्येकात काहीतरी किंचित हलत होतं. ती अनवाणी चालत होती. वय पंचवीस, गुडघे अजिबात दुखत नव्हते. इतकं सुख तिला कित्येक वर्षांत लाभलं नव्हतं. मग एका टोकाचा वारा थांबला.

तिने डोळे उघडले. मधल्या पंख्यापुढे शून्य. तापमान सत्त्याऐंशी.

भाचीची शेवटची फेरी चालली होती, बोटं नुसती धावत होती. आता हलवलं तर सामना गेलाच. आत्याने पेटीच्या बाजूच्या काचेला हात घातला आणि हात तिथेच अडला. पिल्लं बाहेर यायच्या शेवटच्या तीन दिवसांत उबवणीच्या पेटीचं दार उघडायचं नाही! उघडणाऱ्याला तिने स्वतः फैलावर घेतलं होतं, साहेबालासुद्धा.

एकोणनव्वद. एक्क्याण्णव.

"माफ करा रे पिल्लांनो," म्हणत तिने काच ओढली. एक सैल वायर पंख्याच्या पात्यांत लोंबत होती. तिने ती बोटाने बाजूला धरली, तसा पंखा गिरकी घेऊन सुटला. बोट काढलं की वायर पुन्हा घसरायची, म्हणून वीस मिनिटं ती तशीच वाकून बसली. आकडा हळूहळू उतरला.

"जिंकलो, आत्या!" भाचीने हेडफोन काढले.

आत्याला रडूच फुटलं. "मला झोप लागली होती गं. तीस वर्षांत पहिल्यांदा."

"माहितीये. तुझं घोरणं माइकमधून सगळ्या टीमला ऐकू येत होतं. एक मला म्हणाली, तुझा पंखा फार आवाज करतोय." भाचीने हळूच ती वायर आपल्या हातात घेतली. "मग तीच म्हणाली, आवाज थांबला. कळलं मला, तू उठलीस म्हणजे काहीतरी बिघडलंय. पण तू जागी झाली होतीस ना, म्हणून मी वळूनसुद्धा पाहिलं नाही."