अंकुशची ओळ

"मागं फिर," चांगुणाबाई म्हणाली आणि सुकट निवडून खारट झालेलं बोट तिने थेट कॉम्प्युटरच्या काचेवर टेकवलं. "ते खुंट परत दाखव."

अक्षताने सासूचं बोट हळूच बाजूला सारलं, पदराने काच पुसली आणि बटणं दाबली. पडद्यावरची चार बोटभर माणसं वळून पुन्हा ओढ्याच्या काठावर आली. पाण्यातून काळ्या लाकडाचे खुंट वर डोकावत होते. बाकी तिथे काहीच नव्हतं.

"कोनी जाळं बांधायला रोवलेत काय?"

"पूल होता आई तिथं. खेळाच्या पयल्या भागात आमीच तोडला. राक्षस मागं लागलेले, तर हे बोलले, तोड."

"आनि आता तिसऱ्या भागात त्याचे खुंट राहिले."

"हां. नवीन कोन खेळायला बसला तर त्याला नुसती लाकडं दिसतील. तो पुढं जाईल. आपल्याला ठाव हाय म्हनून आपन थांबतो."

चांगुणाबाईने सुकटीचं सूप मांडीवर ओढून घेतलं, पण हात चालेना. ती त्या खुंटांकडेच बघत राहिली.

घणसोली गावठाणातल्या त्या घराची पुढची खोली म्हणजे चांगुणाबाईच्या थोरल्याचं, अंकुशचं, व्हिडिओ गेमचं दुकान. टीव्ही मांडलेले, समोर प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला पोरांच्या तेलकट डोक्यांचे डाग. दुपारी शटर अर्धं खाली असायचं. जमिनीच्या मोबदल्यातून घेतलेला कॉम्प्युटर मात्र कोपऱ्यात, अंकुशचा स्वतःचा. त्यावर तो हा एकच खेळ खेळायचा. चार जणांची टोळी घेऊन दलदलीच्या मुलखात हिंडायचं, माणसांशी बोलायचं, लढायचं. एक भाग संपायला महिनोन्‌महिने लागायचे. बाजूला अक्षता बसायची, कागदावर वाटा काढायची. दोन भाग त्या दोघांनी असे पालथे घातले. तिसरा भाग बाजारात आला तेव्हा ग्रँट रोडला जाऊन तो अक्षताने एकटीने आणला.

मागल्या भागातलं काय काय त्यात दडवलेलं होतं. पहिल्या भागात खाणावळीच्या ओट्यावर रांगणारी पोर आता ती खाणावळ चालवत होती. एका कुंभारणीचं मडकं अंकुशच्या हातून फुटलं होतं. ते सांधून फळीवर ठेवलेलं होतं, आणि त्याच्यासमोर उभं राहिलं की कुंभारीण अजून कुरकुरायची. ती कुरकुर अक्षताने मराठीत सांगितली तेव्हा चांगुणाबाई पोट धरून हसली होती. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणी हसलं होतं.

चांगुणाबाई शाळेत दोन पावसाळे गेली तेवढीच. पण ही दडवादडवी तिला लगेच कळली, कारण तिचा स्वतःचा धंदा तोच होता. गावात हळद लागायची त्या संध्याकाळी धवला, म्हणजे मांडवातलं बोलावण्याचं गाणं, गायला चांगुणाबाईच लागे. आधी देव, मग वेशीवरची गावदेवी, मग घरातले गेलेले. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत एकेकाला नावाने हाक मारून मांडवाखाली बोलवायचं. त्यानंतर जित्यांचं बोलावणं. ती ओळ म्हणायची, बाया उचलायच्या. मेलेल्या प्रत्येकाला तिने एकच ओळ दिलेली, पण अशी, की त्याला ओळखणाऱ्याने ऐकून जागीच गप्प व्हावं. चुलतसासू सुपारी मागणारी, सासरा मोडक्या छत्रीचा. नवऱ्याचं नाव ती एरवी तोंडातून काढत नसे. पण 'गंगाराम मिठागराचा, पाय धुवून ये गो' म्हणताना तिचा आवाज असा चढायचा की मांडवातले पुरुषसुद्धा बोलायचे थांबत. सेक्टरमधल्या नव्या बिल्डिंगीतून हळदीला आलेल्या बायांना त्यात नुसती नावं ऐकू येत. गावच्या बायांचा पदर डोळ्यांना लागे.

अंकुशचं नाव त्या धवल्यात नव्हतं. उरणच्या दोस्तांच्या बोटीवर तो हौसेने गेला, बोट उलटली, बाकीचे किनाऱ्याला लागले, कोणी जिते, कोणी मेलेले. अंकुश कसाच लागला नाही. त्याला तीन पावसाळे होऊन गेले. कोणी विषय काढला की चांगुणाबाई म्हणे, "येल तो." बस, एवढंच. पुढे कोणाची बोलायची छाती नव्हती.

आता धाकट्या सुधीरचं लग्न तोंडावर आलं होतं. आपल्याच मांडवात चांगुणाबाई अंकुशचं नाव घेते की गाळते, यावर नळावर पैजा लागल्या होत्या.

त्याच संध्याकाळी शिवराम आला, अक्षताचा बाप. उरणहून बसने येऊन घामाघूम झालेला. गिऱ्हाइकांच्या खुर्चीत अंग चोरून बसला.

"या याही. उरनच्या माशांना आज सुट्टी दिली काय?"

"सहज आलो, विहीनबाई. सुधीरच्या हळदीला तुमीच गानार ना?"

"नाय तर काय कॅसेट लावू?"

शिवराम हसला नाही. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, परत घातली.

"करंजाचं एक स्थळ हाय. बायको गेलेली. कंटेनर यार्डात कामाला. मानूस निर्मळ हाय. पन तो बोलतो, सासू मुलाला जित्ता समजते, तर मी कोनाची बायको करून आनू?"

"समजते नाय. जित्ता हाय."

"पोरीचं वय बघा. तुमी त्या दिवशी नाव घेतलंत तर ती मोकळी होईल. नाय घेतलंत तर ती ना सवाष्ण ना..." पुढचा शब्द त्याने गिळला. "मी तिला विचारलं. ती बोलते, आईंना विचारा."

अक्षता चहा घेऊन आली. बापाच्या हातात कप दिला, सासूच्या हातात दिला, आणि जाता जाता बंद टीव्हीवरची धूळ पदराने पुसायला लागली. पुसलेलाच टीव्ही तिने तीनदा पुसला.

"चहा प्या," चांगुणाबाई शिवरामला म्हणाली. "गार झाल्यावर मग विहिनीला नावं ठेवाल."

तो गेल्यावर ती कप विसळायला घेऊन बसली. नाव घ्यायचं म्हणजे मुलगा गेला. आणि मुलामागून ही पोरगी जाणार. सुधीर नव्या बायकोला घेऊन कोपरखैरण्याच्या फ्लॅटवर राहायला जायचा होता. मग या घरात उरलं कोण? शिवरामला हे सांगायचं म्हणजे त्याच्यापुढे पदर पसरणं झालं, आणि तसला पदर चांगुणाबाईकडे नव्हता.

दुसऱ्या दुपारी शटर खाली आल्यावर ती पुन्हा कोपऱ्यात येऊन बसली.

"ती कुंभारीण लाव."

अक्षताने लावली. कुंभारीण कुरकुरली.

"काल पन हेच बोलली ही."

"ती एवढंच बोलते, आई. मागल्या भागातली सगळी तशीच. जे आता रस्त्यावर हायत ते दर वेळी नवीन काय तरी बोलतात. ज्यांचं काम झालं त्यांना एकच वाक्य."

चांगुणाबाईने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाली, "आनि आपला कुठं हाय यात?"

अक्षताचे हात बटणांवरून उतरून मांडीवर आले.

"यात नाय."

"का नाय? पूल त्यानं तोडला, मडकं त्यानं फोडलं. बाकीच्यांना आनलं, त्याला नाय आनलं?"

"आनता येतं. दुसरा भाग पुरा केला की त्यातला मानूस उचलून तिसऱ्यात येतो. पन दुसरा पुरा नाय झाला." तिने दुसरा भाग लावून दाखवला. लोखंडी दारासमोर चार जण उभे होते, पुढे लाल टोपीवाला, अंकुशचा. "हे शेवटचं दार. आत गेलं की संपलं. हे त्या दिवशी इथं थांबवून उरनला गेले. बोलले, आल्यावर उघडू."

"आनि तू उघडलं नाय."

"नाय."

"तुना उघडता येतं?"

"येतं. केव्हापासून येतं."

चांगुणाबाईने सुनेकडे पाहिलं. या घरात दार अडवून बसलेली आपण एकटीच, असं तिला आजवर वाटत होतं. पोरगी बापाला 'आईंना विचारा' म्हणाली ते आदराने म्हणाली, असंही वाटत होतं.

"उघड," ती म्हणाली.

"आई, उघडलं की ते रस्त्यावरून उठतील. मग त्यांना पन एकच..."

"मना समजलं काय होतं ते. उघड."

दार उघडलं. आतली लढाई लांबली. अक्षता दोनदा हरली, दोनदा मागून परत सुरू केली, आणि त्या सगळ्या वेळात एकदाही तिने सासूकडे पाहिलं नाही. बाहेर शटरवर पोरांनी थापा मारल्या. "आज बंद हाय," चांगुणाबाई आतूनच बोलली, "घरी जावा, आयशीला तोंड दाखवा." शेवटी पडदा पांढरा झाला, अक्षरं खालून वर जायला लागली. अक्षताने ती वाचून दाखवली नाहीत. चांगुणाबाईनेही विचारली नाहीत.

मग तिसरा भाग. खाणावळीत शेकोटीपाशी लाल टोपीवाला बसला होता. दाढी पांढरी झालेली.

"म्हातारा केला याला," चांगुणाबाई म्हणाली.

"मधी बरीच वर्सं गेलीत असं दाखवलंय."

"बोलव."

अक्षताने बटण दाबलं. खाली एक इंग्रजी ओळ उमटली, ती तिने मराठीत सांगितली. "बोलतोय, आत या, बाहेर वारा सुटलाय."

"परत."

"आत या, बाहेर वारा सुटलाय."

"परत दाब गो."

तीच ओळ. चौथ्यांदा अक्षताने ती मराठीत सांगितली नाही. शेकोटी हलत होती, माणूस हलत नव्हता.

"हे लिवलं कोनी?"

"कंपनीनं."

"म्हंजे दुसऱ्या कोनाचा पोरगा इथं आला असता तरी हेच बोलला असता?"

"हां. ज्याचा येईल त्याला हेच."

चांगुणाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "जन्मात कोनाला 'आत या' बोलला नाय तो. याला आत बोलवता बोलवता माझा घसा बसला." ती दारापर्यंत गेली, थांबली, पाठमोरीच म्हणाली, "बंद कर ते. कोन कुठला कंपनीवाला, माझ्या पोराला ओळ देतोय."

त्यानंतर लग्नाच्या गडबडीत ती कोणाशी फार बोलली नाही. मसाला कुटताना, तांदूळ पाखडताना ओठ मिटून काहीतरी घोळवत राहायची, मधेच मान हलवून टाकून द्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून धरायची. सुधीर म्हणाला, आई, बरं नाही का? तर म्हणाली, "तू तुझा सूट बघ. बँडवाल्यासारखा दिसतोस त्यात."

हळदीच्या संध्याकाळी अंगणात मांडव भरला. कोंबडीच्या रश्श्याचा वास, लाउडस्पीकर, पोरांचा नाच. चांगुणाबाई पाटावर बसली तसा कोणीतरी स्पीकर बंद केला. शिवराम खांबाला टेकून उभा होता. अक्षता बायांच्या घोळक्यात मागे, हळदीचं ताट मांडीवर घेऊन.

देव झाले, गावदेवी झाली. मोडक्या छत्रीचा सासरा आला, सुपारी मागणारी आली. गंगारामला पाय धुवून बोलावलं. बाया ओळी उचलत होत्या, मांडव भरत होता. आता एक तर जित्यांचं बोलावणं सुरू होणार, नाही तर... मागे कोणीतरी खोकलं.

चांगुणाबाईने डोळे मिटले.

"अंकुश माझा उशिराचा, ताट झाकलंय, ये गो..."

कोणीच ओळ उचलली नाही. कशी उचलावी कोणाला कळेना. बाया एकमेकींकडे आणि मग मागे अक्षताकडे बघायला लागल्या. शिवरामने टोपी काढून हातात धरली. चांगुणाबाईने तीच ओळ दुसऱ्यांदा म्हटली, आणि या वेळी 'ताट' शब्दावर तिचा आवाज चिरकला.

मागून एक बारीक, कच्चा आवाज आला. "अंकुश माझा उशिराचा..." अक्षता गात होती. हळदीची बोटं ताटाच्या कडेला घट्ट. तिच्यामागून एक बाई, मग दुसरी, मग सगळ्या.

ओळ संपली. आता जित्यांचं बोलावणं. त्यातलं पहिलं नाव घरातल्या वडीलधाऱ्या बाईचं, आणि स्वतःला स्वतः बोलवायची रीत नाही. घरच्या मांडवात ती जागा चांगुणाबाई दर वेळी नुसती ओलांडून जायची. आज तिचं तोंड उघडलं, पण आवाज निघेना. मांडव थांबला.

"चांगुणा माय गळ्याची," अक्षताने ओळ काढली. सूर थोडा चढा लागला होता, तरी तिने सोडला नाही. "दमली असशील, बस गो..."

बायांनी ती जोरात उचलली. चांगुणाबाईने मान वर केली नाही. पदराचं टोक तोंडावर धरून ती तशीच बसून राहिली, आणि अक्षता पुढच्या नावाकडे गेली, सोयऱ्यांकडे, पाहुण्यांकडे. तिसऱ्या का चौथ्या नावाला बायांच्या आवाजात पदराआडून चांगुणाबाईचा घोगरा आवाज येऊन मिळाला, अर्धा शब्द उशिराने.