क्लच नसलेली गाडी

माझा डावा पाय गुडघ्याखाली माझा नाही. भूकंपात भिंत अंगावर आली, मी वाचले, पाय गेला. आता तिथे रबराचा पाय आहे. तो माझं वजन पेलतो, जिना चढतो. पण क्लच दाबायचं नाव काढलं की हट्टी म्हशीसारखा बसून राहतो. म्हणून मी ऑटोमॅटिक गाडी घेतली, जुनीच, पण क्लच नसलेली. आख्ख्या मुरुडात तसली एकच. त्यामुळे गाडी माझी असली तरी तिच्याबद्दलचं मत गावात प्रत्येकाला होतं.

मी लातूरच्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. पहिली बॅच उजाडायच्या आत सुरू होते. डॉक्टर व्हायला गावोगावाहून आलेल्या पोरी डोळे चोळत हृदयाचे कप्पे काढत असतात. एसटीच्या उंच पायऱ्या मला चढवत नाहीत, आणि कुणी सोडायला यावं, मग घ्यायला यावं, हे मला या जन्मी जमणार नाही. गाडी होती म्हणून मी कुणाला विचारत नव्हते. एवढंच माझं सुख होतं आणि ते मोठं होतं.

त्या सुखाला खीळ बसायला लागली. गाडी गरम झाली की चढावर इंजिन नुसतंच ओरडायचं, चाकं मात्र आळसावल्यासारखी. वळणावर एकदम ढील पडायची. एकदा उसाचा ट्रक मागे आणि गाडी पुढे सरकेना, तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मुरुडच्या गॅरेजवाल्याने नुसता एक फेरा मारला आणि निकाल दिला, "गिअरबॉक्स गेला मॅडम. आता ह्याला साधा क्लचवाला गिअरबॉक्स बसवून टाकू. झंझट खलास."

रोग रेड्याला आणि औषध पखालीला! क्लच बसवला तर गाडी चालेल, मी चालवणार कशी? पण आमचे मल्लेशअप्पा, म्हणजे माझे यजमान, लगेच मान डोलवायला लागले. किराणा दुकान टाकण्याआधी ते काळी-पिवळी जीप चालवायचे, त्यामुळे गाड्यांमधलं सगळं आपल्याला कळतं असा त्यांचा पक्का समज. म्हणाले, "बसवून टाकू की. मी सोडत जाईन तुला. दुकान जरा उशिरा उघडंल."

"आणि तुम्हाला ताप आला तर? मामांच्या गावाला गेलात तर? पोरी वाट बघतील का?"

"एवढं काय चिडून राहिलीस," म्हणाले. मी चिडलेच होते. कायमची दुसऱ्याच्या हाताकडे बघायला लावणारा निकाल असा गाडीभोवतीच्या एका फेऱ्यात लागतो का?

शेवटी एक गोष्ट मी त्यांच्याकडून कबूल करून घेतली: लातूरला ताहेरभाई मेकॅनिकना दाखवू, त्यांनीही तेच सांगितलं तर क्लच बसवू. ताहेरभाई बरीच वर्षं सौदीत होते, तिथे म्हणे असल्याच गाड्या. रविवारी दोघं गेलो. गाडी मी चालवली. सगळ्या वाटेत मी तिला मनातल्या मनात विनवत होते.

ताहेरभाईंनी हात लावायच्या आधी विचारलं, "गार असताना दम सोडती का गरम झाल्यावर?"

"गरम झाल्यावर."

"चढावर, वळणावर?"

"हो, तिथंच."

त्यांनी मला शेजारी बसवून बार्शी रोडवर एक चक्कर मारली, गाडी सपाट जागेवर उभी केली. इंजिन चालूच ठेवलं, गिअरचा दांडा एकेका खाचेतून फिरवून परत जागेवर आणला, मग बॉनेट उघडून गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी ओढली. पांढऱ्या फडक्यावर टिपली, वास घेतला.

"रंग बघा मॅडम, लाल हाय. काळं न्हाई, जळका वास न्हाई. गिअरचा डब्बा आतून जित्ता हाय. फकत तेल लई कमी झालंय."

मला सुटकेने रडूच आलं असतं, पण त्यांचं बघणं अजून संपलं नव्हतं. त्यांनी गाडीखाली वाकून बघितलं, बोटाने तेल अडवणारे सील चाचपले. सगळं कोरडं. "गळत तर कुठंच न्हाई. मग गेलं कुठं?"

मी मल्लेशअप्पांकडे बघितलं. ते आपल्या चपलांकडे बघत होते.

"मीच काढलं," ते म्हणाले. "दर रविवारी पट्टी बघतो मी. तेल खुणेच्या वर दिसायचं. लई तेल झालं की सील फुटतात, जीपला बघितलंय मी. म्हणून सलाईनची नळी घालून थोडं थोडं काढत होतो."

"इंजिन बंद करून बघत होता काय?" ताहेरभाईंनी विचारलं.

"मग? चालू इंजिनात कोण हात घालंल?"

ताहेरभाई हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी इंजिन बंद केलं, थोड्या वेळाने पट्टी घातली: तेल खुणेच्या वर. इंजिन चालू केलं: खुणेच्या कितीतरी खाली. "हिचं तेल असं वरखाली होतं, अप्पा. इंजिनाच्या तेलावानी न्हाई. गरम करून, चालू ठेवून बघायचं. आपल्याकडं समद्यांना जीपची सवय."

तेल भरलं. परतीच्या चढावर गाडी अशी निघाली की मी मोठ्याने हसले. मग राग आला, चांगलाच. "तो ट्रक माझ्या अंगावर आला असता ना, अप्पा! आणि वर क्लच बसवू म्हणता? खरं सांगा, तो निकाल लागला तेव्हा बरं वाटलं होतं ना तुम्हाला?"

त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

"हाव," म्हणाले. "वाटलं बरं. तू पहाटं जातीस, मी दार लावतो, चहा टाकतो. तू पोचली असशील असं वाटेस्तोवर एक घोट घशाखाली उतरत न्हाई. तुला सांगितलं तर तू रागावशील. मग गाडी बघत बसायचो, दर रविवारी. तेवढंच माझ्या हातात होतं."

इतक्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं. भिंत माझ्यावर पडली होती, पण धास्ती या माणसाच्या वाट्याला आली होती, आणि मी मात्र कुणाला विचारावं लागत नाही याच तोऱ्यात. माझा राग गेला नाही, पण त्याला धार राहिली नाही. क्लचचं नाव पुन्हा दोघांपैकी कुणीच काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी अंधारातच निघाले. सगळे चढ चढले, वळणं घेतली. क्लासच्या फाटकाशी गाडी लावली आणि आत जायच्या आधी घरी फोन केला. पहिलीच घंटी पुरती वाजायच्या आत त्यांनी उचलला.

"पोचले," मी म्हणाले. "घ्या आता चहा."