एकवीस दिवसांचा ताण

मित्रांनो, मी एक जुनी, तुटलेली पट्टी आहे. बँडसॉ म्हणजे दोन चाकांवर फिरणारी करवत. त्या चाकांवर ताणून बसवतात ती दातेरी पोलादी पट्टी म्हणजे मी. चारकोपच्या एका गाळ्यात माझी दोन टोके जोडून मला गोल केले. तेथून मी बोरिवलीच्या गावठाणात, मार्कस यांच्या घरामागच्या शेडमध्ये आले.

मार्कस दर पंधरवड्याला मला धार लावत. तीनधारी कानशीचे एका दाताला तीनच हात. कमी नाही, जास्त नाही. सुरुवात कोठून केली ते कळावे म्हणून त्यांची पत्नी ल्युसी पहिल्या दातावर नेलपॉलिशचा लाल ठिपका लावी.

"माझ्या सवतीला माझ्यापेक्षा जास्त नेलपॉलिश लागतं," ती म्हणे.

"तिला दात जास्त आहेत ना," मार्कस म्हणत.

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिची हाक येई. "मार्कस, ढिली केलीस का रे?"

"केली गं."

खरे तर हाक आल्यावरच ते उठत आणि वरचा दांडा फिरवून माझा ताण उतरवत. काम नसताना ताणलेली राहिले, की चाकावरच्या वळणात मी वाकलेलीच राहते आणि दातांच्या मुळाशी बारीक चीर पडू लागते. हे मार्कसना ठाऊक होते. आठवण मात्र ल्युसीच ठेवी.

एका सकाळी मी चालू असतानाच हॉस्पिटलातून फोन आला. मार्कसनी बटण बंद केले आणि ते तसेच निघाले. ल्युसी तेथून परत आली नाही. त्या संध्याकाळी खिडकीतून कोणी काही विचारले नाही. मी एकवीस दिवस ताणलेली राहिले.

बाविसाव्या दिवशी मार्कस फणसाची एक फळी घेऊन आले. ल्युसीच्या माहेरचे झाड पाडले, तेव्हा तिने ती फडताळाच्या दारासाठी राखून ठेवली होती. ते दार कधी झालेच नाही. आता त्या फळीचा तिच्या कबरीवरचा क्रूस व्हायचा होता.

"डॅडी, पट्टी एकदा बघून घे ना," मुलगी लिओना म्हणाली. "तेव्हापासून तशीच आहे ती."

मार्कसनी अंगठ्याने माझे दात चाचपले. "धार आहे तिला. चर्चमध्ये तिच्या महिन्याची मिस्सा आलीये, आता कधी बघत बसू?"

धार होतीच. चीर दाताच्या खाली होती.

क्रूसाचा आडवा भाग कापताना मी तुटले. फळीला हिसका बसला आणि जेथे नाव कोरायचे होते, तेथेच खोल घाव पडला.

"दुसरी फळी आणू, डॅडी."

"हिची दुसरी नाही गं."

उरलेला क्रूस त्यांनी हातकरवतीने कापला. नाव घावाच्या खाली, लहान अक्षरांत कोरले. क्रूस वेळेवर उभा राहिला. घाव त्यावर आहेच.

मित्रांनो, हत्यार वापरल्यावर त्याचा ताण उतरवा. फक्त धार पाहून ते धड आहे असे समजू नका. आणि ही आठवण एकाच माणसावर सोपवू नका.

मी आता खिळ्याला टांगलेली आहे. लाल ठिपका अजून दिसतो. माझ्या जागी आलेल्या पट्टीचा ताण मार्कस रोज संध्याकाळी न चुकता उतरवतात. मग बंद खिडकीकडे पाहून, कोणी विचारलेले नसताना, हळूच म्हणतात, "केली गं."