पेरलेलं आलं

श्रावणातली सकाळ. सोनसळी, सुस्नात, संथ. कृष्णाकाठच्या काळ्याभोर शिवारात आल्याचे हिरवेकंच वाफे रात्रीच्या सरींनी निथळत होते. बांधावर बसली होती मृण्मयी, घरची धाकटी सून, म्लानमुखी, पदर तोंडाशी धरून.

तिसरा महिना लागलेला. कालपासून पोटात पाण्याचा थेंब ठरला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, दुपारपर्यंत पाणी टिकलं नाही तर घेऊन या, सलाईन लावू. दवाखाना! गेल्या वर्षी त्याच वाटेने ती रिकाम्या कुशीने परतली होती. बाई गं, किती भ्यायली होती पोर!

त्यात घर आल्याच्या बागायतदाराचं. चहात आलं, काढ्यात आलं, चुलीवर अखंड रटरटणारं आलं. त्या उग्र, उष्ण वाफेनेच तिला जास्त उमळून येई, पण मायेपुढे कुणाच्या ध्यानात येईल तर शपथ! म्हणून तर ती इथे पळून आली होती.

मागोमाग सासू आली, भागाबाई, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. वाफ्याशी उकिडवी बसली. कोंबांना धक्का न लावता बोटांनी माती उकरली, आणि वैशाखात पेरलेलं आल्याचं जुनं बेणंच, मूळ कंदच, उघडं केलं.

मृण्मयी बघतच राहिली. इतके कोंब, इतकी पानं, इतकं हरितवैभव ज्याने स्वतःतून उभारलं, ते बेणं कुजलं नव्हतं. सुकलं नव्हतं. घट्ट होतं, सुगंधी होतं, सजल होतं.

"आत्याबाई, हे अजून शाबूत?"

"मग! एवढी लेकरं उठवली, तरी हाय तसं हाय बघ."

भागाबाईने त्याची इवलीशी कड मोडली, धुतली, पदराच्या गाठीतलं मीठ लावलं. "चघळ. गिळायची घाई नको."

जिभेवर चटका. मग रसाची धार. मग एक शीतल, स्वच्छ शांतता. मृण्मयीने तांब्यातल्या पाण्याचा घोट घेतला आणि डोळे मिटले. मळमळ उठली, गळ्यापर्यंत आली, थबकली. हळूहळू ओसरली. भागाबाईचा श्वास तेव्हा कुठे सुटला.

दुसरा घोट. तिसरा. ऊन चढलं. दवाखान्यासाठी रस्त्यावर जीप काढून थांबलेल्या मृण्मयीच्या नवऱ्याला भागाबाईने हातानेच खुणावलं, राहू दे.

मृण्मयी वाकली. उघड्या बेण्यावर तिने ओंजळ ओंजळ माती सारली, तळव्याने दाबली. दुसरा हात पोटावर ठेवला.

"राहा रे," ती हळूच म्हणाली.

पाणी राहिलं होतं. मातीखाली बेणं राहिलं होतं. आणि तळहाताखाली, उबदार अंधारात, तेही राहिलं होतं.