आत्याचा घसा

दुकानाला त्या दिवशी सुटी होती. दुकान खाली आणि घर वर, त्यामुळे सुटी असली तरी चष्मेवाल्याची धाकटी बहीण दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासत बसली होती. फ्रेमच्या मापाने काच घासायची, बोटाने कड चाचपायची, बारीक स्क्रू बसवायचा, हे काम तिचं. पुढे बसून गिऱ्हाइकांशी बोलायचं काम भावाचं. ही वाटणी कोणी केली असं विचारलं असतं तर दोघांनाही सांगता आलं नसतं. पण का झाली, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिला ‘स’ म्हणता येत नव्हता.

तो कसा यायचा ते एकदाच सांगून टाकतो. जीभ दातांबाहेर डोकवायची आणि साबणाचा थाबण व्हायचा. बस. यापुढे तिचं बोलणं मी सरळच लिहिणार आहे. तिची नक्कल आजवर पुष्कळांनी केली, त्यात माझी भर नको.

सगळ्यांत हुबेहूब नक्कल करायचा तो तिचा दादा. मनाने वाईट नव्हता हो. बहिणीला ताप आला तर दुकान बंद ठेवून उशाशी बसायचा. पण मित्र जमले, चहा झाला, की कोणीतरी म्हणायचंच, ‘‘अरे, ते सायकलचं होऊन जाऊ दे.’’ मग हा लहानपणीचा प्रसंग रंगवायचा. उतारावर बहिणीची सायकल सुटलीय, ती ‘सरका, सरका’ ओरडतेय, आणि रस्त्यावरची माणसं सरकायचं सोडून हसत उभी आहेत. ऐकणारे पोट धरून हसायचे. बहीण हातात ट्रे घेऊन उभी असायची. तीही हसायची. नाही हसलं तर ‘एवढं काय मनाला लावून घ्यायचं’ हे ऐकावं लागतं, हे तिला पाठ झालं होतं.

त्या सुटीच्या दिवशीही सायकल सुटली, माणसं हसली. मग एका मित्राने चष्मेवाल्याच्या मुलीला पुढे ओढलं. ही ठमी. पहिलीत होती. तिची आई, म्हणजे वहिनी, तेव्हा नोकरीला जायची, म्हणून ठमी आत्याच्या मशीनशेजारी सतरंजीवर रांगली, तिथेच बोलायला शिकली. ‘‘ये गं, कविता म्हणून दाखव,’’ मित्र म्हणाला. ठमीने हात मागे बांधले आणि सशाची कविता म्हटली. त्या कवितेतला एकेक ‘स’ आत्याचा होता.

‘‘वा रे वा,’’ मित्र म्हणाला, ‘‘दुकानाची दुसरी शाखा निघाली की.’’

सगळे हसले. सगळे हसताहेत म्हणून ठमीही हसली. चष्मेवाल्याचा चेहरा मात्र खर्रकन उतरला.

आता तुम्ही म्हणाल, गृहस्थाचे डोळे उघडले. कसले उघडतायत. राग गेला तो थेट बहिणीवर.

‘‘ताई, राग मानू नका,’’ पाहुणे गेल्यावर वहिनी भांडी पुसत म्हणाली, ‘‘पोरीचं वय असं आहे की कानावर पडेल ते उचलते.’’

‘‘मग मी काय करू?’’

‘‘तिच्यापुढे जरा...’’

तिचं वाक्य दादाने पुरं केलं. ‘‘तिच्यासमोर बोलू नकोस. ती शाळेत गेली की बोल हवं तेवढं. तिची जीभ वळेपर्यंतच म्हणतोय.’’

आत्याने हातातला कप ओट्यावर ठेवला, तो पुन्हा उचलून विसळला, परत ठेवला. ‘‘बरं,’’ ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या ठमीने आईला विचारलं, ‘‘आत्या का बोलत नाही?’’

‘‘तिचा घसा बसलाय,’’ वहिनी वर न बघता म्हणाली.

ठमी मोरीजवळ गेली, पेल्यात कोमट पाणी घेतलं, चिमूटभर मीठ टाकलं. तिचा घसा दुखला की आत्या हेच करायची. तेव्हापासून रोज दप्तर टाकलं की पहिलं काम पेला. आणि धडधाकट घशाची ती बाई रोज गुळण्या करायची, रिकामा पेला परत द्यायची आणि पोरीच्या गालावरून हात फिरवायची. वहिनीने हे एकदा दारातून पाहिलं आणि पाऊल न वाजवता मागे फिरली. तिला लाज वाटली, खूप वाटली. पण खरं काही तिने सांगितलं नाही.

इकडे चष्मेवाला दुकानातला आरसा वर घेऊन यायचा. ‘‘जीभ आत. दातांच्या आत ठेव. बघ आरशात. पुन्हा म्हण.’’ ठमी म्हणायची. ‘‘चुकलं. पुन्हा.’’ खालच्या खोलीपर्यंत ते ऐकू जायचं. मग आत्या काच हातात नसतानाही मशीन चालू करायची.

एके दुपारी शाळेतून बोलावणं आलं. नवराबायको धावत गेले. ठमी बाईंच्या खुर्चीजवळ उभी होती. अंगात शाळेतला कोणाचा तरी ढगळ फ्रॉक, स्वतःचे ओले कपडे पिशवीत.

‘‘घरी बोलते का ही?’’ बाईंनी विचारलं. ‘‘वर्गात तोंड उघडणंच बंद केलंय. आज बाहेर जायचं होतं, तेही बोलली नाही. बाकावर बसून राहिली.’’

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. चष्मेवाला गुडघ्यांवर बसला. ‘‘बाळा, बाईंना सांगायचं नाही का? कोणी हसतं का तुला?’’

ठमीने मान हलवली. हसत नव्हतं कोणी. मग बापाच्या कानाशी तोंड नेऊन ती म्हणाली, ‘‘मी चुकीचं बोलले म्हणून आत्याचा घसा बसला. आता आणखी चुकलं तर आईचा पण बसेल.’’

‘‘आत्याला काय झालंय?’’ बाईंनी विचारलं.

दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलणारा तो माणूस ठमीच्या ढगळ फ्रॉकची बाही सारखी करत राहिला. उत्तर वहिनीने दिलं. ‘‘काही झालेलं नाही. आम्हीच त्यांना गप्प बसवलंय.’’

बाईंनी कपड्यांची पिशवी वहिनीच्या हातात दिली.

घरी आल्यावर तिघंही सरळ मागच्या खोलीत गेली. ‘‘बोल गं तिच्याशी,’’ चष्मेवाला बहिणीला म्हणाला. ‘‘चुकलं माझं.’’

आत्याने मशीन बंद केलं, हात पुसले आणि ठमीला मांडीवर घेतलं. ‘‘माझा घसा कधी बसलाच नव्हता, सोन्या.’’

ठमीने तिच्या गळ्याला हात लावून पाहिला. ‘‘मग मिठाचं पाणी?’’

‘‘ते छान होतं.’’

ठमी रडायला लागली. इतके दिवस पोटात धरून ठेवलेलं सगळं रडली, आणि आत्या तिच्याशी बोलत राहिली.

‘‘माझ्याशीही बोल ना,’’ दादा म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. ‘‘हिच्यापुढे मला शब्द निवडावे लागत नाहीत, दादा. तुझ्यापुढे लागतात. लहानपणापासून. साखर हवी असली तरी मी गोड दे म्हणते. कधी लक्षात आलं तुझ्या?’’

आलं नव्हतं.

‘‘दमले रे,’’ ती म्हणाली. ‘‘तुझ्याशी कधी जमेल ते नाही सांगता येत.’’

पुढे एका सुटीला मित्र पुन्हा जमले. चहा झाला. ‘‘ते सायकलचं होऊन जाऊ दे.’’

‘‘नाही,’’ चष्मेवाला म्हणाला.

‘‘का रे, वहिनींनी दम दिला वाटतं?’’

‘‘ती सायकल उतारावर मी ढकलली होती. गंमत म्हणून. ती खाली गटाराच्या कठड्यावर जाऊन आदळली, गुडघ्याला टाके पडले. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही हसला नसता.’’

तेवढ्यात जिन्यातून खालचं बोलणं वर आलं. आत्या ठमीला गोष्ट सांगत होती, ठमी मध्येच अडवून काही विचारत होती, आणि दोघींचे ‘स’ होते तसेच होते. एका मित्राला सवयीने हसू आलं. मग तो खाली जमिनीकडे बघायला लागला.

तुमच्याही घरी असं एखादं सायकलचं असेल. ते सांगण्याआधी, ट्रे धरून कोण उभं आहे ते एकदा बघा.

चष्मेवाल्याने दोन कप भरले आणि जिना उतरला. मागच्या खोलीच्या दारात त्याची सावली पडली, तशी आत्याची गोष्ट थांबली. त्याने कप उंबऱ्याशी ठेवले आणि पायऱ्यांवर परत जाऊन बसला. बऱ्याच वेळाने आतला आवाज पुन्हा सुरू झाला. आपली बहीण इतकं बोलते, हे त्याला त्या दिवशी कळलं.