प्रयोगाची बांधी

“आता मगाचे पाच शब्द सांगा, बाबाजी. सावकाश. घाई नाई.”

पुनमने पेन उघडला. समोर खाटेवर देवाजी बसले होते. धुतलेला सदरा, कपाळावर सकाळचा बुक्का. त्यांच्या मागे उंबऱ्याशी रुखमाबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या आणि पाखडता पाखडता गुणगुणत होत्या.

“चूल,” देवाजी म्हणाले. “विहीर.” आणि थांबले.

मागचं गुणगुणणं किंचित चढलं. ‘देवळाच्या दारी उभा बैल माझा, हळदीनं न्हाला वो, हळदीनं न्हाला...’

“देऊळ! बैल! हळद!”

“पाचपैकी पाच!” पुनमला मनापासून आनंद झाला. मूल शहरातून स्कूटीवर गावोगाव फिरून ती म्हाताऱ्या माणसांची स्मृती तपासायची. एका मोठ्या अभ्यासाचं काम होतं ते. भुलीवर, म्हणजे म्हातारपणी सगळं विसरत जाण्याच्या आजारावर, पुरतं औषध अजून कुणाच्या हाती लागलेलं नव्हतं. पण रक्तदाब, साखर आणि कान वेळेवर सांभाळले, माणूस रोज चालला, चार माणसांत बसला, तर भूल किती लांबवता येते, हे तीन वर्षं पाहायचं होतं. भूल नुकती लागलेल्यांची एक यादी होती. त्यांच्याकडे दर पंधरवड्याला कुणी ना कुणी जाणार होतं. बाकीचे ठणठणीत, त्यांची वर्षाकाठी एक भेट.

“तुमी ठणठणीतच्या यादीत, बाबाजी.”

“असनारच,” देवाजी हसले. “विठ्ठलाचं नाव घेनाऱ्याले काय होते?”

रुखमाबाईंनी सूप खाली ठेवलं. झाकलं गेलं एकदाचं, असं त्यांना वाटलं.

एकेचाळीस वर्षं त्या नवऱ्याच्या कीर्तनात मागे टाळ घेऊन उभ्या राहत होत्या. बुवा अडखळला की साथीदारानं पुढचा शब्द असा उचलावा, की ऐकणाऱ्याला वाटावं चालच तशी आहे. हा साथीचा धर्म. त्यात खोटेपणा नसतो. हरीचं नाव तुटू नये एवढंच असतं. पण दोन वर्षांपासून अडखळणं वाढलं होतं. आधी एखादी ओवी अडायची, मग दृष्टांतातलं नाव, मग अख्खी कथाच. रुखमाबाई उचलत गेल्या. हे दोघांनाच ठाऊक होतं, त्यांना आणि विठ्ठलाला. गावाला कळलं असतं तर दत्तजयंतीच्या सप्ताहातलं काल्याचं कीर्तन दुसऱ्याकडे गेलं असतं, आणि देवाजी कशावर उभे राहिले असते?

मग एकादशी आली. देवळात माणसं दाटीनं बसलेली. देवाजी ध्रुवबाळाची कथा सांगत होते. बाळ बापाच्या मांडीवर चढायला गेलं, तिथवर आले आणि थबकले.

“सावत्र आईनं...” रुखमाबाईंनी सुरात टाकलं.

देवाजी वळले. भर सभेत, चिपळ्या हातात तशाच धरून. “काय म्हनतं, वं?”

लोक हसले. बुवांनी विनोद केला असं त्यांना वाटलं. देवाजीही हसले. पण रुखमाबाईंनी त्यांचे डोळे पाहिले. त्या डोळ्यांत विनोद नव्हता.

घरी आल्यावर पाय धुता धुता ते म्हणाले, “रुखमे, तुहा शब्द मले आयकू आला. साफ आयकू आला. पन तो कायचा शब्द होता, तेच समजलं नाई.”

रुखमाबाईंनी पाणी ओतणं थांबवलं नाही. पण त्यांना कळून चुकलं: मागून कितीही हाक दिली तरी आता पुरणार नाही. आणि जिथे मदत मिळाली असती, त्या पंधरवड्याच्या यादीचं दार त्यांनीच गाणं म्हणत म्हणत लावून टाकलं होतं.

पंधरा दिवसांनी पुनम मागच्या भेटीत घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट द्यायला आली. देवाजींना आनंद झाला. कुणी आलं की त्यांना जुनं सांगायची उकळी यायची, आणि जुनं त्यांना सगळं लख्ख आठवायचं.

“बस, माय. तुह्याच कामासारखं काम मीबी केलं आहे. तरनाबांड होतो. एका साहेबाच्या प्रयोगाच्या शेतावर मजूर होतो. धानाच्या तुकड्या-तुकड्याले, बांधी-बांधीले पाटी, पाटीवर नंबर, साहेबाले दुरून दिसन असा. साहेबानं नवं धान लावलं होतं, लेकरासारखं जपे त्याले. पन ते दानाच धरे ना! साहेबाचं तोंड एवढंसं झालं. मले पाहावे ना. कापनी झाली, मोजाच्या आंधी म्या शेजारच्या बांधीतलं दोन पायल्या धान त्याच्या ढिगात मिसळवलं.”

“अरे बापा! मंग?”

“साहेब आनंदानं नाचे. दुसऱ्या वर्सी तेच बी चार गावांत पेरलं. चारी गावांत पडलं. मंग म्या पाय धरले, सांगतलं. साहेब ओरडला नाई. म्हने, देवाजी, तू माह्यावर माया केली अन् धानाचा घात केला. खरं समजलं असतं, त मी त्याच्यावर इलाज शोधला असता ना रे.”

ही गोष्ट रुखमाबाईंनी शंभरदा ऐकली होती. कीर्तनातही ऐकली होती. तिच्यावर त्यांनी टाळाचा ठेका धरला होता. पण आज ती गोष्ट टाळाच्या पलीकडे येऊन त्यांच्यापाशी बसली.

“पुनमबाई,” त्या म्हणाल्या, “त्या दिवसचे पाच खोडून टाका.”

“काऊन?”

“दोनच त्याहीचे. तीन माहे. म्या गान्यात घालून देल्ले.”

पुनमनं हातातला रिपोर्ट खाली ठेवला. “मले वाटलं तुमी भजन म्हनून राह्यल्या!”

“भजनच होतं, बापा. खोटं होतं एवढंच.”

पुनमला हसू आलं आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. देवाजी बायकोकडे पाहत होते.

“तू मले पास केलं?”

“हो.”

“अन् कीर्तनात?”

“दोन वर्सं झाले.”

देवाजींनी उपरण्यानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं. मग म्हणाले, “दोन पायल्या धान तुबी मिसळवलंच मंग.”

“तुमचीच बायको आहो.”

“हे बराबर बोलली.” त्यांनी मान हलवली. “आता काल्याचं कसं कराचं?”

“करू. पन मी मांगं नाई राह्यनार. बाजूले उभी राह्यन. तुमी अटकले त सभेले सांगून पुढं सांगन. देवापुढं कायची लाज?”

देवाजी पुनमकडे वळले. “माय, लाव पुन्हा परीक्षा.”

पुनमनं अंगणात जाऊन डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी नवे शब्द दिले, नवीन कागद घ्यायला सांगितला, आणि एक अट घातली: खोलीत दुसरं कुणी नको.

“आयकलं ना, वं?” देवाजी म्हणाले. “जा, बस अंगनात. अन् तो टाळ घेऊन जा. इथी राह्यला त मले त्याच्याचकडे पाहावं वाटते.”

रुखमाबाई अंगणात जात्यापाशी बसल्या. आतून पुनमचा आवाज आला, पाच शब्द आले. पहिल्याच खेपेला ते रुखमाबाईंच्या मनात जाऊन बसले. मग बाकीचे प्रश्न झाले. मग, “आता ते पाच शब्द सांगा, बाबाजी.”

“मोट,” देवाजी म्हणाले.

मग काहीच नाही. समोरच्या खळ्यावर कोंबड्या धान टिपत होत्या. रुखमाबाईंच्या ओठांवर शब्द येऊन उभा राहिला, चालीसकट. त्यांनी टाळाच्या दोन्ही वाट्या एकमेकींवर घट्ट दाबल्या, दोरी मुठीला गुंडाळली आणि मूठ मांडीखाली धरली.

“पाखरू,” आतून आलं. खूप वेळानं.

“अजून काही, बाबाजी?”

“नाई. बाकीची जागा खाली आहे. खालीच लिव.”

पुनम बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक जाड कागदाची पाटी होती. भूल लागलेल्यांच्या यादीतल्या घरांना लावायची. त्यावर नाव नव्हतं, नंबर होता: सत्तेचाळीस. पंधरवड्याला येणाऱ्याला घर सापडावं म्हणून. तिनं ती चौकटीला खिळ्यानं अडकवली आणि स्कूटीकडे गेली.

देवाजी दाराशी आले. पाटी थोडी तिरपी लागली होती. त्यांनी दोन्ही हातांनी ती सरळ केली, दोन पावलं मागे सरून पाहिली आणि पुन्हा जवळ जाऊन किंचित उजवीकडे ओढली.

“नंबर सरळ पाहिजे,” ते म्हणाले. “साहेब दुरून पाह्यते.”

रुखमाबाईंनी मूठ सोडली. तळहातावर टाळाची गोल कड उमटली होती.