राखणदाराला आधी कळलं

रघुनाथने अंकिताला डोंगरावर आणलं होतं ते एक गोष्ट सांगायला. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती आणि सर्वणच्या आनंदीशी त्याचं लग्न ठरलं होतं. नऊ वर्षांच्या लेकीला हे घरात सांगायचं काही धाडस होईना. म्हणून डिचोलीच्या शाळेने पालक आणि मुलांचं शिबिर काढलं तेव्हा याने सगळ्यांच्या आधी नाव दिलं. खनिजाचा ट्रक उतारावरून बेधडक आणणारा हा गडी बसमध्ये वाळपईपर्यंत लेकीला नुसते शेंगदाणे सोलून देत राहिला.

वाळपईच्या पुढे डोंगरात तंबू ठोकले आणि वादाला तोंड फुटलं. गोवा नुकतंच राज्य झालं होतं, पण भाषेचं भांडण निवलं नव्हतं. संध्याकाळची प्रार्थना कोकणीत की मराठीत, यावरून बापेमंडळी हमरीतुमरीवर आली. शेवटी शाळेच्या सुधीर सरांनी तोड काढली: प्रार्थनेऐवजी रानाच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घालू. ते ज्याच्या त्याच्या गावच्या बोलीतच घालतात, त्यावर कोण काय बोलणार? रघुनाथ सावंतवाडीकडचा, त्याचे वडील गावात गाऱ्हाणं घालायचे, म्हणून त्यालाच पुढे ढकललं.

त्याने राखणदाराच्या दगडापुढे नारळ ठेवला. "बा देवा राखणदारा, आज ही लेकरां तुझ्या रानात इली हत. तेंच्या पायाक काटो लागाक देव नको, रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले.

गाऱ्हाण्यात घरातलं कुणी वगळायचं नाही, वगळलं त्याची राखण होत नाही, हे वडिलांनी त्याच्या डोक्यात घट्ट बसवलेलं. जीभ आपसूक चालत राहिली. "माझ्या अंकिताक सांभाळ. शिमग्याआदी माझी बायल होवन येतली ती आनंदी, तिका सांभाळ, रे म्हाराजा."

"होय म्हाराजा." अंकिताही तालात म्हणून गेली. मग तिचा हात तोंडावर गेला.

खोबरं वाटून होईपर्यंत ती ओहोळाकाठी जाऊन बसली होती. रघुनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तिच्या शेजारी जाऊन बसला.

"देवाक आदी सांगलंस," ती म्हणाली.

"चुकान तोंडातसून गेला, बाय. तुका सांगूचा म्हणानच हय हाडलंय."

"तू माका अजून सांगूकच नाय. आणि माझ्याकडसून होय म्हणान घेतलंस."

सगळ्या तंबूंना कळलं होतं, लेकीला तेवढं त्याने सांगितलं नव्हतं. त्याने हात पुढे केला. तिने आपले हात फ्रॉकखाली घेतले.

"आता सांग," ती म्हणाली. "पण मी होय म्हणूचंय नाय."